रुमाल सोडल्यावर काय करावंसं वाटतं?

पत्र थोडक्यात असं : लेखिका पंचवीस वर्षांची आहे, पुण्यात गोखलेनगरला राहते. इतिहासात एम.ए. झालंय. राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मधल्या काळात मोडी शिकली आणि त्यातच रमली. सध्या सकाळी एका अभ्यासिकेत काम करते. वडील एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. ते विचारतात, "जुनी कागदं चाळून कुणाचं घर चाललंय?" तिला अभिलेखागार, ग्रंथालय, सांस्कृतिक स्मृती या वाटेनं जायचंय, पण परदेशी फेलोशिपचे इंग्रजी अर्ज पाहिले की धीर सुटतो. ती लिहिते, "या क्षेत्रातल्या संधी इंग्रजीतून शिकलेल्यांना आणि ज्यांच्या वाड्यात कागद आहेत त्यांनाच. आमच्या घरात जुनं म्हणजे फक्त आजी. ती पुराचं सांगत बसते. तो काही इतिहास नाही." सोबत मैत्रिणीच्या वाड्यात सापडलेल्या एका मोडी कागदाचा फोटो आणि तिनं केलेलं वाचन जोडलं आहे. शेवटी विचारलंय, "पुन्हा परीक्षेला बसू, की या नादाला लागू?"

प्रिय मैत्रिणी,

माझ्या लेकीपेक्षाही तू लहान आहेस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

आधी तुझ्या बाबांबद्दल. त्यांचा प्रश्न तू तक्रारीच्या सुरात सांगितलास, पण मला तो रास्त वाटतो. ज्या माणसानं नोकरीभर रोज वेबिल भरलं, पैन् पै डेपोत जमा करून मगच घर गाठलं, तो पोटापाण्याचं विचारणारच. त्यांना उत्तर द्यायचं तर महिन्याच्या आकड्यांत द्यावं लागेल. 'मला यात आनंद मिळतो' हे खरं असलं तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही.

पण तो आकडा सांगण्याआधी मला तुलाच एक विचारायचंय. पत्रात तू 'हे क्षेत्र' असं चार वेळा लिहिलंयस. हे एक क्षेत्र नाहीच. यात निदान तीन वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारी माणसंही वेगळी असतात.

पुणे पुराभिलेखागारातला रुमाल तू पाहिला असशील. नसशील तर रीतसर परवानगी काढून जा आणि एक मागव. चौकोनी जाड कापड, चारी टोकांची गाठ, आत कागदांचा गठ्ठा. गाठ सोडली की जुन्या कापडाचा आणि धुळीचा एक वास येतो, तो हाताला दिवसभर राहतो. त्या क्षणी तुला काय करावंसं वाटतं, ते नीट आठव. पहिला कागद उचलून 'काय लिहिलंय यात' म्हणून त्यावर वाकावंसं वाटतं? की या कागदाचा जोड कुठे गेला, हा चिटणिशीतला कागद घडणीच्या (म्हणजे दप्तराच्या दुसऱ्याच विभागाच्या) रुमालात कसा आला, या काठाला कसर लागलीय ती पुढे सरकेल का, असं मनात येतं? की हा गठ्ठा ज्याला हवा असेल त्याला तो इथे आहे हे कळणार कसं, ही काळजी लागते?

पहिली व्यक्ती संशोधक, दुसरी अभिलेखपाल, तिसरी ग्रंथपाल. मी तिसऱ्या जातीची. बत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली. माझ्याबरोबर काम करणारी कित्येक हुशार मुलं दुःखी झालेली मी पाहिली, कारण त्यांना वाचायचं होतं आणि दिवसभर नोंदी कराव्या लागत होत्या. उलटही पाहिलंय. पीएच.डी.ला बसलेली एक मुलगी प्रबंध बाजूला ठेवून सहा महिने एका संस्थेचं कपाट लावत होती. तिला वाटायचं आपण आळस करतोय. खरं म्हणजे तिचं काम तिला सापडलं होतं.

तुझं पत्र वाचून मला तू थोडी पहिली आणि बरीचशी दुसरी वाटतेस. मोडी वाचायला मजा येते हे तू एका ओळीत उरकलंस, पण तो कागद त्या वाड्यात कुठल्या ट्रंकेत, कशाखाली आणि कशात गुंडाळलेला होता यावर तब्बल अर्धं पान लिहिलंस. तुझं तुला ते जाणवलं का?

आता आकडे. संशोधनाकडे जायचं तर यूजीसीची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीत ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. वयाची अट तीस वर्षांची, स्त्रियांना पाच वर्षांची सवलत. विषय इतिहासच असला पाहिजे असं नाही. ग्रंथालय व माहितीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, आणि संग्रहालयशास्त्र व जतन हाही, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. राज्यातल्या पीएच.डी. करणाऱ्यांसाठी प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. यांतल्या तीन संस्था तर पुण्यातच आहेत. तू कुठल्या प्रवर्गात बसतेस ते पत्रात नाही आणि सांगायचीही गरज नाही, पण तिथे एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. जाहिरात आली की बघू म्हणणाऱ्यांची कागदपत्रं नेमकी शेवटच्या दिवशी अपुरी पडतात.

अभिलेखपाल व्हायचं तर दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची स्वतःची शाळा आहे, स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज. तिथे अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि कागद दुरुस्ती, दप्तर व्यवस्थापन असे थोड्या मुदतीचे अभ्यासक्रमही होतात. घरच्यांना एक वर्ष दिल्ली झेपणार नसेल, तर छोट्या अभ्यासक्रमानं सुरुवात कर. हात त्या कामाला बसतो की नाही हे काही आठवड्यांत कळतं.

आणि ग्रंथालयाची वाट. आपल्या विद्यापीठात बी.लिब. आणि मग एम.लिब. अशी एकेक वर्षाची सोय आहे. नोकरी सांभाळून करायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेतच. नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) झाल्यावर महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. इथे मी तुला खोटी आशा लावणार नाही. अनुदानित महाविद्यालयांतली कायम पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, बऱ्याच जणांची सुरुवात कंत्राटावर होते आणि तो पगार ऐकून तुझे बाबा गप्प बसतील. तरीही मी म्हणते, बी.लिब. कर, आणि आधी तेच कर. कारण ते तिन्ही वाटांना लागतं. वर्गीकरण, तालिकीकरण, मेटाडेटा (म्हणजे प्रत्येक वस्तूची ओळख सांगणारी नोंद) हे ज्याला येतं, त्याला शाळा, बँक, वृत्तपत्र, वस्तुसंग्रहालय, खाजगी संग्रह, डिजिटायझेशनचं कंत्राट घेणारी कंपनी, असं कुणीही कामाला घेऊ शकतं. इतिहासाच्या एम.ए.ला जोडून ते असलं की तू हजारो जणांमधली आणखी एक राहत नाहीस.

परीक्षेला पुन्हा बसायचं का, असं विचारलंयस. एकदा बस. पण ते वर्ष फक्त परीक्षेला देऊ नकोस, बी.लिब.च्या सोबत बस. 'हे की ते' असा पेच तू मांडलास, तो मला तितकासा खरा वाटत नाही. तुला खरी भीती वाटतेय ती परीक्षा सोडली तर घरात 'हिनं हात टेकले' असं म्हणतील याची. ती भीती मी समजू शकते, पण तिच्यापायी तिसरं वर्ष जाळू नकोस.

मोडीचंही सांगते, कारण बाबांना हे ऐकवता येईल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कोतवाल बुकं, गाव नमुना चौदा, शाळांचे जुने दाखले, त्यातलं बरंचसं मोडीत आणि वाचणारे हाताच्या बोटांवर. जमिनीचे दावे, जुनी खरेदीखतं, जात पडताळणी यांसाठी लिप्यंतराचं काम त्याआधीही होतं आणि आजही आहे. त्यावर घर चालेलच असं नाही, पण शिकत असतानाचा खर्च निघतो. फक्त हे लक्षात ठेव की कोर्टकचेरीच्या कागदात एक अक्षर चुकलं तर कुणाची तरी जमीन जाते. शंका आली की कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं. अंदाजानं वाचायचं नाही.

आता तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, त्याकडे येते. 'ज्यांच्या वाड्यात कागद आहेत त्यांनाच.'

पेशवे दप्तर आज पुण्यात का आहे, याचा कधी विचार केलास? इंग्रजांना मराठ्यांच्या इतिहासाचा कळवळा होता म्हणून नव्हे. त्यांना इनामं तपासायची होती. कुणाची जमीन खरी इनाम, कुणाची बिनपुराव्याची, हे ठरवायला इनाम कमिशन बसलं आणि त्यासाठी दप्तरं गोळा करून जपली गेली. म्हणजे ज्यांच्याकडे जमीन होती, हक्क होते, त्यांची नावं त्यांत भरभरून सापडतात. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांची नावं सापडतात ती वेठबिगारीच्या, दंडाच्या, नाहीतर तगाईच्या यादीत. पुढे रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. केवढं काम! पण निवडक म्हणजे निवडलेलं. कुणीतरी ठरवलं की हे छापायचं आणि हे राहू दे. हजारो रुमालांत जे 'राहू दे'मध्ये गेलं, ते अजून तिथेच आहे. वाड्यात कागद नसलेल्या घरांतल्या मुलामुलींनी तिथे जाऊन बसण्याची गरज मला जास्त वाटते, कारण त्या यादीतल्या नावांवर त्यांचीच बोटं थबकतील.

आणि आजी. 'पुराचं सांगत बसते, तो काही इतिहास नाही' हे तू लिहिलंस तेव्हा तू गोखलेनगरात बसून लिहीत होतीस! १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तुझी वस्तीच त्या पुरानं उठलेल्या माणसांची. पुण्यातली त्या वयाची माणसं आजही 'पुराआधी' आणि 'पुरानंतर' असंच वर्ष सांगतात. लग्न पुराआधी, थोरला पुरानंतरचा.

ज्याला तू 'सांस्कृतिक स्मृती' म्हणतेस आणि ज्याच्यासाठी परदेशी विद्यापीठांची पानं उघडून बसतेस, त्या अभ्यासाचा गाभा हाच आहे. मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी मांडलं की माणूस एकट्यानं आठवत नाही, आपल्या माणसांच्या चौकटीत आठवतो. पुढे यान आणि आलाइडा आस्मान या जर्मन दांपत्यानं एक भेद केला. बोलण्यातून चालणारी आठवण साधारण तीन पिढ्या, म्हणजे ऐंशी-शंभर वर्षं टिकते. नंतर ती एकतर ग्रंथ, स्मारक, विधी यांत उतरते, नाहीतर पुसली जाते. आता हिशेब कर. १९६१ मध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. पानशेतची आठवण नेमकी त्या उंबऱ्यावर उभी आहे आणि तुझी आजी स्वयंपाकघरात बसलीय.

धरणफुटीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती नाईक आयोगाचा अहवाल आहे, त्या वेळच्या 'केसरी' आणि 'सकाळ'चे अंक आहेत. धरणाचं बांधकाम, पाण्याची पातळी, झालेलं नुकसान हे सगळं तिथून मिळेल. पण पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले तेव्हा पाणी कुठल्या आडावरून आणलं आणि त्या आडावर आधी कुणाला मज्जाव होता, पूरग्रस्तांच्या अर्धगोल छपराच्या निसेन हटमध्ये दोन बिऱ्हाडांच्या मध्ये पडदा कशाचा होता, नवीन वस्तीत शेजार कसा ठरला, हे तुला आजीकडूनच मिळणार. अहवाल आणि आजी एकमेकांसमोर ठेवून वाचणं, कुठे जुळतं आणि कुठे नाही ते तपासणं, आणि जिथे जुळत नाही तिथे 'आजी चुकली' म्हणून पुढे न जाता का जुळत नाही हे विचारणं, हेच ते शिक्षण.

हे करायचं कसं, तेही सांगते, कारण अशी पत्रं मला अधूनमधून येतात आणि सगळ्यांचं इथेच अडतं. आजीला 'पुराबद्दल सांग' असं म्हणू नकोस. ती शंभरदा सांगितलेली गोष्टच पुन्हा सांगेल. 'त्या सकाळी चूल पेटली होती का? कुणी पेटवली?' असं विचार. पंखा बंद कर, फोन उशीवर ठेव, फ्लाइट मोडवर टाक. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण बोलतंय ते स्वतःच्या आवाजात बोलून घे. हे कुणाला ऐकवायचं, कुणाला नाही, हे आजीला आधी विचार आणि तिचं उत्तरही ध्वनिमुद्रणात येऊ दे. घरातली असली म्हणून संमती गृहीत धरू नये. त्याच रात्री फाइलच्या तीन प्रती कर, त्यातली एक घराबाहेर असू दे. आणि दर पाच मिनिटांना काय बोलणं झालं याची एका ओळीची नोंद वहीत कर. ती वही नसेल तर दहा तासांचं ध्वनिमुद्रण म्हणजे बंद रुमालच. मग शेजारच्या तीन आज्या. मग ज्या घरी पूर गेलाच नव्हता पण ज्यांनी माणसं ठेवून घेतली, अशी दोन घरं. सहा माणसं पुरेत.

या सहा मुलाखती आणि ती वही हातात असली की फेलोशिपचा अर्ज वेगळा दिसायला लागतो. अर्जात इंग्रजी बघतात, नाही असं नाही, पण त्याआधी बघतात की या माणसाला नेमका कुठला प्रश्न पडलाय आणि त्याचं साहित्य त्याच्या हाताशी आहे का. तू अर्ज आधी मराठीत लिही. दोन पानं. मग इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर बसून उतरव. उलट केलंस, म्हणजे इंग्रजीतच सुचवायला गेलीस, की दुसऱ्यांची वाक्यं येतात.

परदेशाबद्दल थोडंच. तिथे जाऊन पदवी घेण्याचा खर्च तुझ्या घरानं आत्ता उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे, विषय पक्का झाल्यावर, थोड्या मुदतीसाठी जाता येतं. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीयांना ब्रिटनमध्ये संशोधनासाठी मदत करतो आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनी सरकारचं दप्तर आणि मराठी हस्तलिखितं दोन्ही आहेत. त्याच लायब्ररीतून २००४ पासून धोक्यात आलेल्या संग्रहांसाठी एक अनुदान योजना चालते, एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम. तिच्यात मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, फक्त डिजिटल प्रत जाते. तुझ्या मैत्रिणीच्या वाड्यासारखे दहा वाडे आणि एखादी स्थानिक संस्था एकत्र आली तर त्याचा विचार करता येईल. पण ते पाच वर्षांनी.

तोवर पुण्यातच बघ किती दारं आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर, डेक्कन कॉलेज, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचं ग्रंथालय. लॉ कॉलेज रस्त्यावरचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह तर स्मृतीच्या अभ्यासकांना सहसा सुचतच नाही. तिथल्या जतनाचं शास्त्र कागदाहून वेगळं आहे. जुनी अॅसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि तो वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था जतनाच्या कार्यशाळा घेते, त्यांवर नजर ठेव. कुठल्याही संस्थेत 'काही काम आहे का' असं विचारत जाऊ नकोस. 'मला मोडी येतं, आठवड्यातले दोन दुपारचे तास देऊ शकते, तुमची कुठली यादी अर्धवट आहे?' असं विचार. अर्धवट यादी नाही अशी संस्था मला अजून भेटलेली नाही.

शेवटी तुझा तो कागद. 'पानिपतच्या वर्षातला आहे' म्हणून तू किती आनंदानं लिहिलंस! तू वाचलंस, 'सुरू सन इहिदे सितैन मया व अलफ'. म्हणजे एक, साठ, शंभर, हजार. सुहूर (जुन्या कागदांतली, मृगाला बदलणारी कालगणना) ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१. गणित बरोबर आहे. पण तीन ओळी खाली तूच वाचलंयस, 'माधवराव बल्लाळ प्रधान'. नानासाहेब गेले जून १७६१ मध्ये आणि माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती त्यानंतर. ११६१ साल तर त्याआधीच, मृगाला संपलं होतं. मग ११६१ च्या कागदात माधवराव प्रधान कसे? मी फोटो मोठा करून पाहिला. शाई पुसट आहे, पण मला ते 'सितैन' नाही, 'सबैन' दिसतंय. साठ नव्हे, सत्तर. सुहूर ११७१, म्हणजे १७७०-७१. तिथे माधवराव चपखल बसतात. तुझं पानिपत गेलं, वाईट वाटून घेऊ नकोस. तीन ओळींवरचं नाव वरच्या सनाशी ताडून बघायची सवय लागली की तुझं वाचन लोक डोळे मिटून स्वीकारतील.

मैत्रिणीच्या काकांनी कागद लॅमिनेट करायचं ठरवलंय असं लिहिलंस. आजच फोन करून थांबव. मी नवीन असताना एका दुर्मीळ पुस्तकाच्या फाटक्या पानांना सेलोटेप लावली होती, चांगल्या हेतूनं. दहा वर्षांनी टेप गळून पडली, तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत मुरला आणि ती ओळ कायमची गेली. तो पानाचा कोपरा मला अजून दिसतो. हा कागद हातकागद आहे, अडीचशे वर्षं टिकलाय. त्याला धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सपाट ठेवा आणि ट्रंक भिंतीपासून हातभर लांब सरकवा. बाकी काही नको.

आणि फोटो परत काढ. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. खालच्या टोकाला 'जाणिजे छ' इथपर्यंत दिसतंय आणि पुढे तुझा अंगठा आलाय. महिना आणि चंद्र, म्हणजे तारीख, नेमका त्याच्याखाली आहे.